रोलँड मेसन ऑर्डिश

रोलँड मेसन ऑर्डिश (११ एप्रिल १८२४ – १२ सप्टेंबर १८८६) हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश स्थापत्य अभियंते होते. लोखंडी पूल, मोठ्या गाळ्याची छपरे आणि सुटे भाग जोडून उभारलेल्या इमारती यांच्या तपशीलवार आरेखनासाठी ते ओळखले जातात. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, सेंट पँक्रास रेल्वे स्थानकाचे छप्पर, रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट आणि थेम्स नदीवरील अल्बर्ट पूल या कामांत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. मुंबईतील काळा घोडा परिसरात असलेल्या वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेलच्या (सध्याचे एस्प्लनेड मॅन्शन) लोखंडी सांगाड्याचे आरेखन त्यांनी केले. ही इमारत भारतातील अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी ओतीव लोखंडाची इमारत मानली जाते. तुळईचा भार सांध्यामार्गे खांबावर देणारा आणि बाहेरील भिंतींनाही आपल्या अंगावर पेलणारा बहुमजली सांगाडा भारतात प्रथम कसा आला, हे समजून घेण्याच्या दृष्टीने ऑर्डिश यांचे चरित्र उपयुक्त आहे.

जन्म आणि व्यवसायातील सुरुवात

ऑर्डिश यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात मेलबर्न या गावी झाला. त्यांचे वडील जॉन ऑर्डिश हे जमिनींचे व्यवस्थापक आणि भूमापक होते. त्या काळी ब्रिटनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण प्रामुख्याने विद्यापीठात न मिळता कंत्राटदारांच्या व अभियंत्यांच्या आरेखन कचेऱ्यांमध्ये मिळत असे. नवशिका तरुण आधी नकाशे उतरवून काढी, मग भागांची मापे ठरवी आणि कालांतराने स्वतंत्र गणित करू लागे. ऑर्डिश हे याच परंपरेत तयार झाले. आरेखनाच्या फळ्यावर मिळालेला हा अनुभव पुढे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य ठरला. इमारतीच्या एकूण स्वरूपाची कल्पना अनेकदा दुसऱ्या कोणाची असे. ती कल्पना लोखंडाच्या सुट्या तुकड्यांत कशी विभागायची आणि ते तुकडे एकमेकांस कसे जोडायचे, हा प्रश्न ऑर्डिश यांच्याकडे येत असे.

क्रिस्टल पॅलेस

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्सटन यांच्या कल्पनेनुसार क्रिस्टल पॅलेस उभारण्यात आला. बांधकामाचे कंत्राट फॉक्स, हेंडरसन आणि कंपनीकडे होते आणि ऑर्डिश या कंपनीत आरेखक म्हणून काम करत होते. कामाची तपशीलवार आरेखने तयार करणाऱ्यांमध्ये त्यांचा समावेश होता. सुमारे ५६३ मीटर लांबीची ही इमारत काही महिन्यांत पूर्ण झाली आणि १ मे १८५१ रोजी प्रदर्शनाचे उद्घाटन झाले.

हा वेग शक्य झाला तो भागांच्या प्रमाणीकरणामुळे. खांबांमधील अंतर २४ फूट (सुमारे ७.३ मीटर) किंवा त्याच्या पटीत ठेवण्यात आले होते. सुमारे ३,३०० खांब ओतीव लोखंडाचे होते. ते आतून पोकळ असत. बाहेरील माप सर्वत्र सारखे ठेवून भारानुसार केवळ भिंतीची जाडी बदलली जाई. बाहेरील माप समान असल्यामुळे कोणताही गर्डर कोणत्याही खांबास बसत असे. खांबाच्या दोन लांब्यांमध्ये एक स्वतंत्र जोडतुकडा बसवलेला असे. त्या तुकड्याला वर आणि खाली पुढे आलेल्या खाचा होत्या. गर्डरचे टोक त्यांत अडकवून पाचरी ठोकून पक्के केले जाई. प्रत्येक गर्डर जागेवर चढवण्यापूर्वी दाबयंत्रावर तपासला जात असे.

प्रदर्शन संपल्यावर ही इमारत सुटी करून लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथे अधिक मोठ्या स्वरूपात पुन्हा उभारण्यात आली व १८५४ मध्ये खुली झाली. या पुनर्उभारणीतही ऑर्डिश सहभागी होते. सांधा योग्य रीतीने कल्पिलेला असेल तर इमारत उभारता येते, तशीच ती उतरवून दुसरीकडे नेता येते, हे या प्रकल्पाने दाखवून दिले. याच सुमारास बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट रेल्वे स्थानकाच्या छपराचे काम फॉक्स, हेंडरसन कंपनीने पूर्ण केले. एडवर्ड काउपर यांच्या मूळ आराखड्यावरून या छपराच्या तपशिलांचे काम ऑर्डिश यांनी केले. सुमारे ६४ मीटर रुंदीचे हे छप्पर त्या वेळी एका गाळ्यातील जगातील सर्वांत रुंद छप्पर होते.

स्वतंत्र व्यवसाय आणि 'ऑर्डिश पद्धत'

काही काळ ब्रिटिश नौदल खात्यात काम केल्यानंतर ऑर्डिश यांनी विल्यम हेन्री ले फेव्हर यांच्याबरोबर भागीदारीत लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय सुरू केला. १८५८ मध्ये त्यांनी झुलत्या पुलाच्या एका नव्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) घेतले. ही पद्धत पुढे ऑर्डिश–ले फेव्हर पद्धत म्हणून ओळखली गेली.

नेहमीच्या झुलत्या पुलात वक्र साखळीपासून उभ्या कांबी लोंबतात आणि त्यांवर रस्त्याचा तक्ता टांगलेला असतो. एखादे जड वाहन पुलाच्या एका भागावर आले की साखळीचा आकार बदलतो आणि तक्ता हेलकावे खातो. ऑर्डिश यांनी मनोऱ्याच्या माथ्यापासून निघणाऱ्या तिरप्या, सरळ कांबींनी तक्ता धरण्याची योजना केली. लांब कांब आपल्याच वजनाने मध्ये वाकते आणि भार आल्यावर आधी सरळ होते, त्यामुळे तक्ता खाली येतो. हे टाळण्यासाठी त्यांनी वर एक हलकी वक्र दोरी ठेवली आणि तिच्यापासून सोडलेल्या बारीक कांबींनी तिरप्या कांबी ठिकठिकाणी उचलून सरळ ठेवल्या. पुढे विसाव्या शतकात विकसित झालेल्या तिरप्या केबलींच्या पुलांशी या कल्पनेचे नाते आहे. २००९ मध्ये खुला झालेला मुंबईचा वांद्रे–वरळी सागरी सेतू हा या कुळातील परिचित पूल आहे.

या पद्धतीने प्रागमध्ये व्ल्टावा नदीवर बांधलेला फ्रान्झ जोसेफ पूल १८६८ साली पूर्ण झाला. लंडनमधील अल्बर्ट पुलाला ब्रिटिश संसदेची मान्यता १८६४ मध्ये मिळाली होती. परंतु नदीकाठच्या चेल्सी बांधाचे काम लांबल्याने तो १८७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सिंगापूरमधील कॅव्हेना पुलाच्या रचनेतही ऑर्डिश यांच्या पद्धतीचा उपयोग करण्यात आला.

रेल्वे स्थानके आणि घुमट

१८६० च्या दशकात ऑर्डिश यांच्याकडे अनेक मोठी कामे होती. अ‍ॅमस्टरडॅममधील 'पालेस फोर फोल्क्सफ्लाइट' या काचेच्या प्रासादाच्या लोखंडी कामात, १८६५ च्या डब्लिन प्रदर्शनाच्या हिवाळी उद्यानात आणि डर्बी येथील मंडईच्या छपरात त्यांचा सहभाग होता.

लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाचे प्रमुख अभियंता विल्यम हेन्री बार्लो होते. स्थानकाच्या छपराच्या तपशिलांसाठी त्यांनी ऑर्डिश यांची मदत घेतली. १८६८ मध्ये खुल्या झालेल्या या छपराचा गाळा सुमारे ७३ मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. कमानीचे पाय बाहेर सरकू नयेत यासाठी त्यांना बांधणारा ताणपट्टा आवश्यक असतो. येथे रूळ वाहून नेणाऱ्या जमिनीखालील लोखंडी तुळयांनाच ते काम देण्यात आले, त्यामुळे छपराखालची संपूर्ण जागा मोकळी राहिली. या स्थानकासमोरील हॉटेलची इमारत जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांची आहे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा यांचे आराखडेही स्कॉट यांचेच आहेत. त्यामुळे सेंट पँक्रासशी संबंधित दोन्ही रचनाकारांच्या कामाच्या खुणा मुंबईत एकमेकांपासून जवळच आढळतात.

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या लंबवर्तुळाकार घुमटाचे आरेखन ऑर्डिश आणि जॉन विल्यम ग्रोव्हर यांनी केले. घुमटाचा सांगाडा मँचेस्टर येथील कारखान्यात प्रथम पूर्ण जोडून पाहण्यात आला, नंतर सुटा करून लंडनला नेण्यात आला. आधाराच्या परांच्या काढल्या तेव्हा घुमट केवळ ५/१६ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर खाली बसला. सांध्यांमध्ये ढिलेपणा राहिला नव्हता, हे यावरून सिद्ध झाले.

मुंबईतील वॉटसन्स हॉटेल

१८६० च्या दशकात मुंबईचे स्वरूप झपाट्याने बदलत होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला मोठी मागणी आली आणि शहरात पैसा आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली व एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानालगतचे भूखंड बांधकामासाठी उपलब्ध झाले. त्यांपैकी एक भूखंड मुंबईत कापडाचा व्यापार करणारे जॉन हडसन वॉटसन यांनी घेतला. त्यांच्या इमारतीच्या लोखंडी सांगाड्याचे आरेखन ऑर्डिश यांनी केले. इमारतीचे काम १८६७ मध्ये हाती घेण्यात आले आणि हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले.

सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले. ओतकाम डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत झाले. हे भाग जहाजाने मुंबईत आणून जागेवर जोडण्यात आले. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी असा अवजड माल आफ्रिकेला वळसा घालून येत असे. एखादा खांब किंवा तुळई चुकीच्या मापाची निघाली असती, तर तिच्या जागी दुसरी मागवण्यात अनेक महिने गेले असते. त्यामुळे प्रत्येक भोक, प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक बोल्ट यांचा निर्णय आरेखनाच्या फळ्यावरच होणे आवश्यक होते. क्रिस्टल पॅलेसच्या कामातून ऑर्डिश यांनी मिळवलेले कौशल्य येथे उपयोगी पडले.

इमारतीच्या दर्शनी बाजूस प्रत्येक मजल्यावर रुंद, मोकळ्या गॅलऱ्या असून त्या लोखंडी खांबांवर आधारलेल्या आहेत. खोल्या मधल्या चौकाभोवती मांडलेल्या होत्या. हॉटेलमध्ये सुमारे १३० खोल्या होत्या आणि मधल्या दालनावर काचेचे छत होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातील पहिला खेळ या हॉटेलात झाला. तो पाहणाऱ्यांमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे होते आणि त्यांनी पुढे स्वतः चित्रीकरणास सुरुवात केली. मार्क ट्वेन यांचा मुक्कामही १८९६ मध्ये याच हॉटेलात होता.

रचनेचे महत्त्व

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कापड गिरण्यांमध्ये आतील खांब आणि तुळया लोखंडाच्या असत, पण बाहेरील जाड भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असत. तुळईचे बाहेरचे टोक भिंतीवर टेकलेले असे आणि इमारतीला आडव्या धक्क्यांपासून सांभाळण्याचे कामही त्या भिंतीच करीत. वॉटसन्स हॉटेलमध्ये बाहेरील बाजूसही लोखंडी सांगाडाच भार वाहतो. विटांच्या भिंती खांबांमधील रिकाम्या चौकटी भरून काढतात आणि त्यांचे वजनसुद्धा सांगाड्यावर येते.

इंग्लंडमध्ये गॉडफ्रे ग्रीन यांनी शिअरनेस येथील नौदलाच्या गोदीत १८५८ ते १८६० या काळात बांधलेले चार मजली नौकागृह या प्रकारचे आरंभीचे उदाहरण आहे. मात्र ते वस्तीसाठी नव्हते. अमेरिकेत शिकागोमधील होम इन्शुरन्स इमारत १८८५ मध्ये पूर्ण झाली. वॉटसन्स हॉटेल या दोहोंच्या मधल्या काळातील आहे. माणसांच्या राहण्यासाठी बांधलेल्या, सर्व भार लोखंडी सांगाड्यावर घेणाऱ्या जगातील आरंभीच्या बहुमजली इमारतींमध्ये बांधकामाच्या इतिहासाचे अभ्यासक तिची गणना करतात.

तुळई आणि खांब यांच्या सांध्याचे कार्य

भिंत बाजूला सारली की तुळईचे टोक ज्या ठिकाणी खांबाला भेटते तो सांधा निर्णायक ठरतो. मजल्यावरील माणसे, सामान आणि जमीन यांचा भार तुळईवर येतो. तुळई तो दोन्ही टोकांकडे नेते आणि टोकाशी तो उभ्या दिशेने खांबावर उतरतो. येथे तुळईचे टोक खाली घसरू पाहते आणि सांध्यातील बोल्ट किंवा रिव्हेट त्याला अडवतात. बोल्टचा आडवा छेद कात्रीत सापडल्यासारखा दोन विरुद्ध दिशांनी ओढला जातो. या क्रियेस कर्तन म्हणजेच शिअर म्हणतात आणि मुख्यतः हे कर्तन वाहून नेणाऱ्या सांध्यास कर्तन सांधा म्हणतात.

ऑर्डिश यांच्या काळात खांबासाठी ओतीव लोखंड म्हणजेच बीड वापरले जाई. ते दाब उत्तम सहन करते, परंतु ताण आल्यास पूर्वसूचना न देता तुटते. तुळईसाठी घडीव लोखंड अधिक विश्वासाचे होते, कारण ते ताण सहन करते आणि तुटण्यापूर्वी वाकते. या दोन वेगळ्या स्वभावांच्या धातूंना एकत्र आणणे ही सांध्याची खरी अडचण होती. भाराखाली तुळई मध्ये वाकते आणि तिची टोके किंचित फिरतात. सांधा ताठ असेल तर हे फिरणे खांबाकडे जाते, खांब वाकतो आणि त्याच्या एका बाजूस ताण निर्माण होतो. बीडाच्या खांबाला हाच ताण घातक ठरू शकतो. सांधा अगदी सैल असेल तर भार सुरक्षितपणे उतरतो, पण वाऱ्यापुढे सांगाडा डोलू लागतो. त्यामुळे तुळईचा भार खांबाच्या मध्यरेषेच्या शक्य तितक्या जवळ उतरवणे आणि आडव्या स्थैर्यासाठी सांध्याचा ताठरपणा, तिरप्या पट्ट्या किंवा चौकटी भरणाऱ्या भिंती यांपैकी कशाची तरी मदत घेणे, अशी दुहेरी योजना या प्रकारच्या इमारतींत करावी लागे.

बीडाच्या खांबाला आधाराचे कान किंवा बैठक ओततानाच एकसंध तयार करता येत असे. हे सोयीचे असले तरी ओतकामात आत राहिलेला बुडबुडा बाहेरून दिसत नाही आणि नेमक्या आधाराच्या जागी तो असल्यास धोका संभवतो. त्यामुळे ओतशाळेतील तपासणीला फार महत्त्व होते.

पुढे पोलाद स्वस्त झाले आणि खांब व तुळई दोन्ही एकाच धातूचे होऊ लागले. सांध्याचे मूळ गणित मात्र तेच राहिले. भारतात पोलादी बांधकामासाठी आयएस ८०० ही संहिता वापरली जाते. ती प्रथम १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची सध्याची आवृत्ती २००७ ची आहे. समजा, ६ मीटर लांबीच्या तुळईवर सुरक्षा गुणक धरून दर मीटरला ३० किलोन्यूटन भार आहे. एकूण भार १८० किलोन्यूटन होतो आणि प्रत्येक टोकाच्या सांध्याला ९० किलोन्यूटन कर्तन वाहावे लागते. ४.६ प्रतीचा २० मिलिमीटर व्यासाचा एक बोल्ट, आटे असलेल्या भागातून एकाच पातळीवर कापला जात असल्यास, या संहितेनुसार सुमारे ४५ किलोन्यूटन कर्तन घेऊ शकतो. म्हणजे दोन बोल्ट जेमतेम पुरतात. प्रत्यक्षात बोल्टांची ओळ खांबाच्या पृष्ठापासून काही अंतरावर असते. त्या अंतरामुळे सांध्यावर जादा परिबल येते आणि बोल्टांची संख्या वाढवावी लागते. याखेरीज भोकाच्या कडेवर येणारा दाब, जोडपट्टीचे कर्तन आणि बोल्टांच्या ओळीलगत पट्टीचा एक तुकडाच फाटून निघण्याची शक्यताही तपासावी लागते. यांतील सर्वांत दुर्बळ घटकाचे बळ तेच संपूर्ण सांध्याचे बळ समजले जाते.

उत्तरायुष्य आणि निधन

१८७० च्या दशकानंतर पुलांच्या आणि छपरांच्या बांधकामात पोलादाचा वापर वाढू लागला. ऑर्डिश यांची महत्त्वाची कामे त्यापूर्वीच्या, ओतीव आणि घडीव लोखंडाच्या काळातील आहेत. अल्बर्ट पुलाची १८८४ मध्ये सर जोसेफ बॅझलगेट यांनी तपासणी केली. कांबी गंजू लागल्याचे आढळल्यावर पुढील काही वर्षांत त्यांच्या जागी पोलादी साखळ्या बसवण्यात आल्या. ऑर्डिश यांचे १२ सप्टेंबर १८८६ रोजी निधन झाले.

प्रागमधील पुलाची १८९८ मध्ये पुनर्बांधणी झाली आणि विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात तो पाडण्यात आला. अ‍ॅमस्टरडॅमचा काचप्रासाद १९२९ मध्ये आणि सिडनहॅमचा क्रिस्टल पॅलेस १९३६ मध्ये आगीत नष्ट झाला. अल्बर्ट पुलाखाली १९७३ मध्ये आधारासाठी काँक्रीटचे दोन खांब घालण्यात आले. सेंट पँक्रासचे छप्पर आणि रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट आजही वापरात आहेत.

एस्प्लनेड मॅन्शनची अवस्था

विसाव्या शतकात वॉटसन्स हॉटेल बंद पडले. इमारतीचे लहान लहान गाळ्यांत विभाजन होऊन तेथे निवासी भाडेकरू, दुकाने आणि शेजारच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांची कार्यालये आली. मूळ रचनेत नसलेल्या भिंती आणि मजल्यांची भर पडली. त्यांचे जादा वजन जुन्या तुळयांवर आणि सांध्यांवर आले.

समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत लोखंडी सांगाड्याचे सांधे हे गंजण्याच्या दृष्टीने सर्वांत संवेदनशील ठिकाण असते. दोन पट्ट्यांमधील फटीत पावसाचे पाणी साचते, तेथे रंगाचा कुंचला पोहोचत नाही आणि गंज आतल्या आत वाढत जातो. गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट असल्याने तो गंज पट्ट्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. घडीव लोखंड अशा वेळी वाकते, तर बीडाला तडा जातो. म्हणून अशा इमारतीच्या देखभालीत भिंतींच्या गिलाव्यापेक्षा सांध्यांची नियमित सफाई, रंग आणि तपासणी यांना अधिक महत्त्व असते.

वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २००६ च्या धोक्यातील वारसास्थळांच्या जागतिक यादीत या इमारतीचा समावेश केला. ही यादी जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै २००५ मध्ये, इमारतीच्या दर्शनी गॅलऱ्यांचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि काही जण जखमी झाले. २०१९ मध्ये इमारत धोकादायक ठरवून रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी तपासणीनंतर ती पाडण्याची शिफारस केली. वारसा संवर्धनाच्या क्षेत्रातील वास्तुविशारद आणि अभियंत्यांनी मात्र सांगाड्याची दुरुस्ती शक्य असल्याचे मत मांडले आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला.

या वादाला तांत्रिक बाजूही आहे. दगडी इमारतीची एक भिंत उतरवून पुन्हा बांधली तर तिचे मूळ बांधकाम नाहीसे होते. सुट्या भागांच्या लोखंडी इमारतीत मात्र तुळईला तात्पुरता आधार देऊन सांधा सोडवता येतो, गंजलेला भाग बदलता येतो आणि तडा गेलेल्या खांबाच्या जागी त्याच साच्याचा नवा खांब ओतता येतो. जोडण्यासाठी कल्पिलेली इमारत तत्त्वतः सुटी करून दुरुस्तही करता येते. अशा दुरुस्तीसाठी प्रत्येक सांध्याची स्वतंत्र तपासणी करावी लागते, खर्च मोठा असतो आणि तोवर आतील व रस्त्यावरील लोकांची सुरक्षितता सांभाळावी लागते. संवर्धन की पाडकाम, या प्रश्नाचे उत्तर या गोष्टींवर अवलंबून असते.

मूल्यमापन

ऑर्डिश यांची बहुतेक कामे इतरांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत. क्रिस्टल पॅलेस पॅक्सटन यांचा, सेंट पँक्रास बार्लो आणि स्कॉट यांचे व मुंबईतील हॉटेल वॉटसन यांचे म्हणून ओळखले जाते. स्वतःचे नाव मिळालेली त्यांची निर्मिती म्हणजे पुलाची ऑर्डिश पद्धत होय. तथापि कारखान्यात तयार झालेले भाग दूरच्या ठिकाणी नेऊन अचूक जोडण्याच्या तंत्राच्या विकासात त्यांचे योगदान मोलाचे मानले जाते. हे तंत्र पुढे पोलादी इमारतींच्या बांधकामात जगभर रूढ झाले. मुंबईतील एस्प्लनेड मॅन्शन हा त्यांच्या कार्याचा भारतातील प्रमुख पुरावा आहे.

प्रमुख कामे

* क्रिस्टल पॅलेस, लंडन (१८५१) आणि सिडनहॅम (१८५४) – तपशीलवार आरेखने व पुनर्उभारणीतील सहभाग
* न्यू स्ट्रीट स्थानकाचे छप्पर, बर्मिंगहॅम (१८५४) – तपशीलवार आरेखने
* डब्लिन प्रदर्शनाचे हिवाळी उद्यान (१८६५)
* सेंट पँक्रास स्थानकाचे छप्पर, लंडन (१८६८) – विल्यम हेन्री बार्लो यांच्यासमवेत
* फ्रान्झ जोसेफ पूल, प्राग (१८६८)
* वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल, मुंबई (आरंभ १८६७, हॉटेल सुरू १८७१)
* रॉयल अल्बर्ट हॉलचा घुमट, लंडन (१८७१) – जॉन विल्यम ग्रोव्हर यांच्यासमवेत
* अल्बर्ट पूल, लंडन (१८७३)